मधली रेघ

१

लाकूड घ्यायचं तर आधी ते ठोकून बघायचं, हे तिच्या नवऱ्याचं शास्त्र होतं. फळीची कड बोटांवर तोलायची, कान जवळ न्यायचा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने मधोमध टकटक करायची. मेलेलं लाकूड नुसतं 'थड' म्हणतं, जिवंत लाकूड उत्तर देतं. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारांचा आणि तारांखाली तो टिपणाऱ्या पिकअपचा असतो, खालच्या लाकडाने काय ढेकळं फरक पडतो, असं म्हणणारेही जगात पुष्कळ आहेत, हे त्यानेच तिला लग्नाआधी सांगितलं होतं. त्या वेळी तोही त्यांच्यातलाच होता. मग त्याने घरी पहिली गिटार बनवली, दुसरी बनवली, आणि तो कधी त्या तटातून ह्या तटात गेला हे तिला कळलंच नाही. माणूस धर्म बदलतो तेव्हा निदान घरच्यांना तरी कळवतो.

वखारीत त्या दुपारी तो फळीमागून फळी ठोकत होता आणि ती गुंडीला छातीशी बांधून मागे उभी होती. गुंडी म्हणजे त्यांची मुलगी. खरं नाव कागदावर होतं; घरात ती गुंडीच, गोल आणि सतत कुठेतरी अडकलेली. घर सोडल्यापासून ती रडत होती.

"साहेब, लाकूड घेताय का मुलगी बघायला आलाय?" वखारवाला म्हणाला.

"दोन्ही सारखंच. एकदा घरात आली की परत करता येत नाही."

दोघे हसले. ती हसली नाही, कारण ती घरात आलेल्यांपैकी होती.

मग त्याने भिंतीकडेची एक फिकट फळी ओढली. अ‍ॅशचं लाकूड, अंगभर लांब सरळ रेषा, कुठे गाठ नाही. त्याने ठोकलं. फळीने उत्तर दिलं, आणि गुंडी गप्प झाली.

रडणं ओसरतं कसं, हे आईला ठाऊक असतं. आधी सूर खाली येतो, मग हुंदके, मग दोन-चार उसासे. हे तसं नव्हतं. कुणी नळ बंद करावा तसं ते थांबलं. झोळीतून एक हात बाहेर आला आणि फळीच्या दिशेने तसाच ताणलेला राहिला.

"ठरलं!" नवरा म्हणाला. "हिनेच पसंत केली."

जन्मल्यापासून ती ह्या पोरीला शांत करायला काय काय करत होती! अंगाया, येरझारा, नळाची धार, धुलाई मशीनचा घरघराट. गुंडी तिच्या कडेवर आली की ताठ व्हायची, मान मागे टाकायची, जणू चुकीच्या बसमध्ये बसवलंय. सगळे कौतुकाने म्हणायचे, बापाची लेक. आणि आता एका लाकडाने, एका टिचकीत. तिच्या पोटात काहीतरी टोचलं. तिने त्याला भूक असं नाव दिलं आणि ती पुढे चालू लागली.

गिटारचा आकार त्याने वखारीतल्याच मोठ्या करवतीवर कापून घेतला. त्या कानठळ्यांत गुंडी गाढ झोपली होती.

२

ती खोली खरं तर गुंडीची होती. भिंतींना फिका पिवळा रंगही दिला होता. पण 'बाळ कुठे लगेच खोली मागतंय' म्हणत नवऱ्याने तिथे कामाचं टेबल मांडलं, अगदी तात्पुरतं. घरातल्या ज्या गोष्टी तात्पुरत्या येतात त्याच मुक्कामाला राहतात. टेबलामागून लाकूड आवळून धरणारे शिकंजे आले, पटाश्या आल्या, पॉलिशपेपरच्या चवडी आल्या, आणि सगळ्या घराला भुशाचा गोडसर वास लागला.

कामावरून आला की तो हात धुऊन आधी त्या खोलीत जायचा. मग गुंडीकडे. मग काही उरलंच तर हिच्याकडे.

"सवत पोसतेयस घरात," ताई फोनवर म्हणाली. ही तिची थोरली बहीण. लांब राहून जवळचं बोलणारी.

"सवत बरी गं. तिच्याशी भांडता तरी येतं."

"कंबर कशी आहे तिची?"

"माझ्यापेक्षा बारीक. आणि बाळंत झालेली नाही."

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र ती त्या दारात जाऊन उभी राहिली. नवरा पॉलिशपेपर गुंडाळलेला ठोकळा लाकडाच्या रेषेरेषेने फिरवत होता. सर्र... सर्र... मध्येच थांबून तळवा फिरवायचा, डोळे मिटून. असा तळवा तिच्या पाठीवरून शेवटचा कधी फिरला होता, हे ती आठवायला लागली आणि तिने आठवणं बंद केलं.

"तेल लावू का लॅकर?" त्याने न बघताच विचारलं. "तेल लावलं की हात थेट लाकडाला लागतो. लॅकर म्हणजे वर काच."

"लॅकर लाव. चकचकीत. पुसलं की झालं."

"पण मग लाकडाला हात लागणारच नाही गं."

"तेच तर," ती मनात म्हणाली, आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला अर्धवट बरं आणि अर्धवट वाईट वाटलं.

त्याने मग गंमत म्हणून केलं ते असं. त्या गुळगुळीत लाकडावर मऊ फडकं टाकलं आणि गुंडीला पालथं झोपवलं, फोटो काढायला. गिटारच्या बारीक कमरेत तिचं पोट नेमकं बसलं, वरच्या गोलाईवर गाल टेकला, आणि श्वास घेऊन सोडावा एवढ्यात ती झोपली.

"पाळणा उगाच घेतला आपण," तो कुजबुजला.

"सल रुतेल तिला. उचल."

"काचेसारखं केलंय मी. फडकंसुद्धा नको खरं तर." आणि त्याने गुंडीच्या अंगाखालचं फडकं अलगद ओढून काढलं.

त्यानंतर गुंडीची दुपारची झोप तिथेच व्हायला लागली. दुसरीकडे ती झोपेच ना. उघड्या अंगाने, लाकडावर, कधी पालथी, कधी उताणी. आई बाजूला स्टुलावर बसून राहायची, पडेल म्हणून. बसायची, आणि बघायची.

३

पाठीवर पुरळ आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घामोळं म्हणून सांगितलं. पटण्यासारखं होतं. फक्त नवरा खरबरीत पेपर काढी त्या दिवशी ते लाल होई, आणि त्याने बारीक पेपर घेतला की निवळे, हे तिच्या लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं. पण झोप नसलेल्या बाईच्या लक्षात फार गोष्टी येतात. त्यातल्या बऱ्याच नसतात, असं तिने स्वतःला समजावलं. लाकडाची धूळ. बापाचे धुळीचे हात. झालं.

मग ती सकाळ. ती गुंडीला टबात पालथं धरून पाठ धूत होती. गुंडी सवयीप्रमाणे ताठ. खांद्यांवरून पाणी ओघळलं आणि तिला रेघ दिसली.

मानेच्या खालपासून माकडहाडापर्यंत. करडी, बारीक, पेन्सिलची. पाठीच्या मण्यांवरून चाललेली, पण मण्यांसारखी वळणारी नव्हे. गुंडी वळवळत होती, पाठ वाकत होती, रेघ सरळच होती.

तिने साबण लावला. अंगठ्याने घासलं. कातडी गुलाबी झाली, मग लाल, आणि त्या लालीत रेघ जास्तच ठळक दिसू लागली. गुंडी किंचाळली तेव्हा ती थांबली.

टॉवेलात गुंडाळलेली पोर घेऊन ती त्या खोलीत गेली. टेबलावर गिटारची बॉडी पालथी होती. तिच्या मधोमध, मान, म्हणजे तारांचा दांडा, जिथे बसायची तिथपासून खालच्या टोकापर्यंत, करडी, बारीक, पेन्सिलची रेघ होती. नवरा मागे एकदा म्हणाला होता, सगळं मोजमाप ह्या मधल्या रेघेवरून. ती चुकली की मान वाकडी, तारा वाकड्या, सगळं वाकडं.

तो काल संध्याकाळी ती काढत होता. लोखंडी पट्टी लावून, जीभ दाताखाली धरून.

आता शांतपणे विचार करू, असं तिने ठरवलं. ती बाळंतपणाच्या आधी शाळेत विज्ञान शिकवायची. विचार कसा करायचा हे तिने दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं होतं. पोर ह्याच लाकडावर झोपते. रेघेचं शिसं अंगाला लागलं. उमटलं. संपलं. मुलांनी फळ्यावर पाठ टेकली की खडू लागत नाही का?

लागतो. पण आजची झोप अजून व्हायची होती, आणि काल दुपारी त्या लाकडावर रेघ नव्हती.

४

शनिवारी नवरा घरी होता. तो बाहेरच्या खोलीत गुंडीला चटईवर पालथं टाकून खेळवत होता.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ती सातवीच्या वर्गाला घसा फुटेस्तोवर सांगत आली होती. तिने खोडरबर घेतलं आणि मधल्या रेघेचा बोटभर तुकडा, कमरेच्या जरा वर, हलकेच पुसला. बाहेर गुंडीला शिंक आली.

ती बाहेर आली आणि तिने गुंडीचं झबलं वर केलं. रेघेत बोटभर खंड होता. कमरेच्या जरा वर.

"काय शोधतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"रेघ बघ ना. पाठीवर."

तो वाकला. "ही? अगं, माझ्या हाताला चोवीस तास शिसं असतं. हिला उचलतो तेव्हा लागतं." त्याने थुंकी लावून बोट फिरवलं, ते आपल्याच पँटला पुसलं आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला. "तू जरा झोप काढ बरं. मी आहे."

हेही बरोबर होतं. कदाचित अंघोळीत तिनेच तेवढं घासून काढलं असेल. एकदा करून भागत नाही, प्रयोग दुसऱ्या रीतीने करून बघावा लागतो. ती पुन्हा आत गेली. ह्या वेळी खोडरबर नाही, पेन्सिल नाही. तिने नुसता तळवा लाकडावर ठेवला आणि रेषांच्या कलाने वरून खाली फिरवला.

बाहेर गुंडी हसली. नुसतं हूं-हूं नाही, पोटातून, खिदळून.

तिने हात उचलला. शांतता. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच हसू.

"अगं ऐकतेयस का?" नवरा ओरडला. "काय खिदळतेय बघ! मी काही करतसुद्धा नाहीये, नुसता बसलोय!"

ती त्या टेबलाजवळ किती वेळ उभी होती कोण जाणे. भीती वाटायला हवी होती, आणि वाटत होतीही. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काही होतं. तिच्या हाताला गुंडी हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तो बाहेर पाय पसरून बसला होता, फुकटचं ते हसू गोळा करत.

लाकूड ऊबदार होतं. उन्हाने, अर्थात. खिडकी त्याच बाजूला होती.

५

रविवारी सकाळी त्याने राऊटर काढला. राऊटर म्हणजे मिनिटाला हजारो वेढे घेणारं पातं. पिकअप बसवायला लाकडात चौकोनी खड्डे पाडतं. बॉडी शिकंज्यांत आवळलेली होती. मधल्या रेघेवर दोन चौकोन आखलेले होते, कोपऱ्यांत फुल्या.

तिने गुंडीच्या पाठीकडे आधीच बघितलं होतं. बघून झबलं खाली केलं होतं, बंद नीट बांधले होते आणि पोरीला पाळण्यात ठेवलं होतं. पाळणा सकाळपासून रडत होता.

नवऱ्याने कानांवर जाड कर्णटोप चढवले. पातं फिरू लागलं. तिने पुढे होऊन दोन्ही तळवे त्या चौकोनांवर ठेवले.

"अगं ए! वेडी आहेस का?" त्याने बटण बंद केलं. "बोटं गेली असती!"

"कापू नकोस."

"काय कापू नको?"

"हिला."

त्याने कर्णटोप काढले. पलीकडे गुंडीचं रडणं चढत होतं. "हे बघ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फार मऊ झाला, डॉक्टरांचा होतो तसा. "मी ताईंशी बोललो. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं. त्यात लाजायचं काही नाही. काही दिवस गुंडीला मी माझ्या आईकडे नेतो, तू आराम कर, कुणालातरी दाखवू. तू तिची पाठ घासलीस ना, सालटं निघालंय. तुला काय दिसतं तिथे? खरं सांग."

खरं तिच्या जिभेवर आलं होतं. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गुंडीचे कपडे पिशवीत गेले असते, गुंडी त्यांच्यामागून गेली असती, आणि इथे मागे तो आणि हे पातं. तिने त्याच्याकडे बघितलं. मग दुसरं खरं सांगितलं.

"जळते मी," ती म्हणाली.

"काय?"

"जळते हिच्यावर. तू हिला जसा हात लावतोस तसा मला नाही लावत. गुंडी हिच्यावर झोपते, माझ्याकडे आली की ताठ होते. लाकडावर जळते मी. हस आता."

तो आधी हसला नाही. मग हसला, आणि सुटकेने त्याचे डोळे भरून आले. त्याने तिला जवळ घेतलं, भुशासकट. "एवढंच होय! अगं बये, आधी बोलायचंस! आण, फोडून टाकतो. बंब पेटवू तिच्यावर."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडची गुंडीसुद्धा क्षणभर थांबली. "फोडायची नाही. जाळायची नाही. मला दे."

"तू काय करणार तिचं?"

"तेल लावीन," ती म्हणाली.

६

नवऱ्याने दुसरी फळी आणली, महोगनीची, आणि कामाचं टेबल गॅलरीत हलवलं. ती फळी मुकी होती, ठोकली तर 'थड' म्हणायची. तो कुरकुरत का होईना, तिच्यावर कामाला लागला. चौकोन आणि मधली रेघ तिने स्वतः पुसली, कणाकणाने, श्वास धरून. गुंडीची पाठ कोऱ्या कागदासारखी झाली. ताई फोनवर म्हणाली, "बघ, पोर कशी बाळसं धरतेय! बोलून टाकलंस ना मनातलं?"

"टाकलं," ती म्हणाली.

पिवळ्या भिंतींची खोली आता रिकामी होती. एक खुर्ची, जवसाच्या तेलाची बाटली, जुन्या मलमलीचे तुकडे. रोज नवरा कामावरून आला की पोर त्याच्याकडे देऊन ती आत जाई. तेल लाकडात दोन-तीन हातांनंतर मुरायचं थांबतं, मग वरचं पुसून घ्यायचं, असं नवरा सांगायचा. हे लाकूड थांबत नव्हतं. जेवढं लावू तेवढं पीत होतं. ती मांडीवर आडवं घेऊन, मलमल बोटाला गुंडाळून, गोल गोल फिरवत राही, आणि बाहेर बापाच्या कडेवर गुंडी खुशीत आवाज काढी. आपण हे पोरीसाठी करतो आहोत, हे तिला पक्कं माहीत होतं. आई दुसरं काय करते?

गुंडी मात्र अजून तिच्याकडे आली की ताठच व्हायची. मग हळूहळू तिने घेणंच कमी केलं. बापाकडे असते ना, हसत असते ना, बास.

त्या रविवारी दुपारी बाहेर धावपळ ऐकू आली.

"अगं, लवकर ये!" नवऱ्याची हाक. "गुंडी आपली आपण बसलीय! कुणी धरलं नाहीये! पडायच्या आत ये!"

ती उठायला गेली. अर्धी उठलीही. तेव्हा मांडीवरचं लाकूड सरकलं. ती उठत होती, मांडी कलली, जड वस्तू घसरणारच. इतकं तर सातवीतल्या मुलालाही समजतं. ते घसरलं ते मात्र खाली नाही, वर. कंबर तिच्या पोटाशी टेकली, वरची गोलाई तिच्या खांद्यावर आली आणि हनुवटीखाली, मानेच्या खळगीत, नेमकी बसली. अजिबात ताठ नव्हती ती. सगळं वजन तिने हिच्यावर सोडून दिलं होतं.

तिचा तळवा आपसूक त्या गोलाईच्या मागे गेला. तिथे, तेलाने मऊ झालेल्या जागी, लाकूड दबलं. मग वर आलं. मग दबलं. तान्ह्या पोराची टाळू उडते ना, तसं.

तिने मान वळवली नाही. इतक्या जवळून बघता येत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

"येतेस ना?" बाहेरून आवाज आला. "अगं, दाराकडेच बघतेय ती! तुला शोधतेय!"

आणि गुंडी रडायला लागली. हे रडणं वेगळं होतं. भुकेचं नाही, झोपेचं नाही, दुखण्याचं नाही. चटईवरून ते सरळ ह्या दाराकडे येत होतं, हात पसरून आल्यासारखं.

"तुझ्यासाठी रडतेय! माझ्याकडे राहत नाहीये, ऐक तरी! अगं, तुझ्यासाठी!"

किती महिने ती ह्या रडण्याची वाट बघत होती. ती दारापर्यंत गेली. खांद्यावरचं वजन किंचित हललं, घट्ट झालं, आणि मानेच्या खळगीत काहीतरी ओलसर, उबदार, श्वासासारखं लागलं.

"श्श," ती म्हणाली. "मी कुठे जाते?"

आणि मोकळ्या हाताने तिने आतून कडी लावली.